झाकली मूठ सव्वा लाखेची

शनिवारी पहाटे साडेपाच वाजता, ज्या वेळी सज्जन माणसे कूस बदलून पुन्हा झोपी जातात त्या वेळी, मी मेम्फिसच्या एखाद्या उपनगरात कुणा अनोळखी माणसाच्या दारासमोर रांगेत उभा असतो. घरातले वडीलधारे गेले की त्यांच्या संसारातल्या एकूणएक वस्तूला किमतीची चिठ्ठी लावून ती दोन दिवसांत विकून टाकण्याची जी पद्धत अमेरिकेत आहे, तिला इस्टेट सेल म्हणतात. रांगेतल्या बाकीच्यांना झुंबरे, शिवणयंत्रे किंवा बंदुका हव्या असतात. मला हवी असते ती माळ्यावरची पुठ्ठ्याची पेटी, जिच्यात १९५४ ते १९५८ या काळातल्या रॉकाबिली (म्हणजे गावरान कंट्री गाण्यांना रॉकचा ठेका दिलेले संगीत) आणि रॉक अँड रोलच्या सात इंची ग्रामोफोन तबकड्या असण्याचा संभव असतो. बहुतेक वेळा तिच्यात नाताळची गाणी निघतात.

या व्यसनाचे खापर मी नोकरीवर फोडतो, कारण तिनेच मला या गावात आणून टाकले. येथील ७०६ युनियन अव्हेन्यू या पत्त्यावर सॅम फिलिप्स यांनी १९५० मध्ये ध्वनिमुद्रणाचे दुकान थाटले, १९५२ मध्ये सन रेकॉर्ड्स ही कंपनी काढली आणि जुलै १९५४ मध्ये एका एकोणीस वर्षांच्या ट्रकचालकाची पहिली तबकडी २०९ या क्रमांकाने बाजारात आणली. तो ट्रकचालक म्हणजे एल्व्हिस प्रेस्ली. सनसाठी त्याच्या अशा पाच तबकड्या निघाल्या आणि नोव्हेंबर १९५५ मध्ये फिलिप्स यांनी त्याचा करार ३५,००० डॉलरना आरसीए या बड्या रेकॉर्ड कंपनीला विकला. आरसीएने त्याच पाचही तबकड्या आपल्या नावाने पुन्हा काढल्या. गाणे तेच, गळा तोच, तरीही मधल्या पिवळ्या कागदावर सनचा कोंबडा असेल तर किंमत कितीतरी पट चढते. मी गाणे विकत घेत नसून कोंबडा विकत घेतो, हे माझ्या पत्नीने पहिल्याच महिन्यात ओळखले.

अर्थात, त्या पाचांपैकी मूळची एकही माझ्याकडे नाही, आणि माझ्या मुलांनी शिक्षण सोडल्याशिवाय ती येणारही नाही. माझा जीव सनच्याच कार्ल पर्किन्स या गायकाच्या ‘ब्लू सुएड शूज’ या गाण्यावर भागतो. १९५६ ची ही तबकडी इतकी खपली की ती आजही माझ्यासारख्या पगारदाराला परवडते. या छंदातला उलटा न्याय पचायला मला बरीच वर्षे लागली. जो गायक गाजला, त्याच्या तबकड्या घरोघरी असल्यामुळे स्वस्त. आणि ज्याने पदरचे पैसे घालून मोजक्या प्रती काढल्या, त्या आपल्या मोटारीच्या डिकीतून विकायचा प्रयत्न केला आणि ज्याचे नाव तालुक्याबाहेर कुणी ऐकले नाही, त्याच्या एकुलत्या एका तबकडीसाठी आता जर्मनी, इंग्लंड आणि जपानमधले लोक एकमेकांच्या उरावर बसतात. हयातभर अनामत रक्कम गमावत आलेल्या उमेदवाराचा पुतळा चौकात उभा राहावा, तसा हा प्रकार आहे.

त्याहून अवघड आहे ती या व्यवहाराची भाषा. तबकडीच्या प्रकृतीला दर्जे असतात, आणि ते ठरवणारा मनुष्य बहुधा पूर्वी विवाह मंडळात कामाला असावा. ‘मिंट’ म्हणजे निष्कलंक. ती कुणी पाहिलेली नसते. ‘निअर मिंट’ म्हणजे चांगली. ‘व्हेरी गुड’ म्हणजे ओरखडे ऐकू येतील. आणि ‘गुड’ म्हणजे वाईट. हे ठाऊक नसल्यामुळे मी पहिली खरेदी ‘गुड’ पाहून मोठ्या विश्वासाने केली. घरी आणून लावली, तेव्हा पावसाळ्यात पत्र्यावर कुणी शेंगदाणे भाजत असावे असा आवाज आला आणि त्यामागे, अगदी शेजारच्या गल्लीत, कुणीतरी गिटार वाजवत होते. याला कारण त्या काळची पोरे. आवडलेली तबकडी ती सुईच्या जड दांड्याच्या स्वस्त यंत्रावर दिवसभर उगाळत. म्हणून त्या काळी नावडती ठरलेली गाणीच आज उत्तम स्थितीत सापडतात.

नकली मालाची भीती वेगळीच. मेम्फिसच्या कारखान्यात दाबलेल्या सनच्या सात इंची तबकडीच्या कागदावर तीन पुसट गोल ठसे उमटलेले असतात, आणि ते पाहण्यासाठी मी डोळ्याला भिंग लावून ती दिव्याखाली तिरकी धरतो. लॉस एंजेलिसच्या कारखान्यातल्या तबकडीवर हे ठसे नसतात. तिच्या कागदाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीवर छोटा त्रिकोण आणि आकडा कोरलेला असतो. म्हणजे ठसे नसले तरी ती खरी असू शकते, पण नकलीही असू शकते. अशा वेळी मी घड्याळजीसारखा तासन्तास वाकून बसलेला असतो आणि कुकरच्या किती शिट्या झाल्या हे मला सांगता येत नाही.

मागच्या उन्हाळ्यात आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली. तबकडीच्या मधले दीड इंचाचे भोक पाहून ती म्हणाली, “अरे, मधलं काढून कुणी खाल्लं?” त्या भोकात बसवायची प्लॅस्टिकची चकती दर महिन्याला हरवते आणि ती शोधण्यात माझा रविवार जातो, हेही तिने पाहिले. मग एके दिवशी माझ्या हातून तो अपघात झाला. मिनिटाला ७८ फेऱ्यांची एक जुनी तबकडी मी स्पिरिटने पुसली. सात इंचीला फारसे न बाधणारे स्पिरिट या जुन्या तबकडीला विषासमान असते, कारण ती लाखेची असते, आणि माझ्या फडक्यावर काळा रंग उतरू लागला. आई शांतपणे म्हणाली, “आपल्या कपाटाला पॉलिश करायला सुतारानं लाख स्पिरिटमध्येच विरघळवली होती. तू बघत बसला होतास की तेव्हा.” जगातल्या असल्या तबकड्यांची लाख मोठ्या प्रमाणात आपल्याच देशातून जात असे, ही माहिती मी तिला तत्परतेने दिली. “म्हणजे इथून गेलेली लाख डॉलर देऊन परत आणायची आणि पुसून टाकायची,” एवढेच ती म्हणाली. त्या दिवसापासून माझ्या खोलीला घरात लाक्षागृह म्हणतात.

त्या खोलीतल्या उत्तम तबकड्या मी लावत नाही. सुई टेकली की दर्जा उतरण्याची भीती असते, म्हणून त्या पाकिटात, पाकीट प्लॅस्टिकमध्ये आणि प्लॅस्टिक कपाटात. झाकली मूठ. वाजते ती फक्त ती पहिली, ‘गुड’वाली. तिच्या पिवळ्या कागदावर निळ्या शाईने कुणा मुलीने आपले नाव लिहिलेले आहे. मैत्रिणीकडे पार्टीला तबकड्या नेल्या की अदलाबदल होऊ नये म्हणून मुली असे करत, आणि त्या सावधपणापायी आज तबकडीची किंमत आणखी घसरते, हे मी आईला समजावून सांगितले.

“भांड्यावर नाव घालतात तसं,” आई म्हणाली. तिने चष्मा लावून ते नाव दोनदा वाचून घेतले. “मग ही त्या मुलीची आहे की.”

मी म्हणालो, “आई, सत्तर वर्षं झाली त्याला. मी विकत घेतलीय.”

“घेतलीस रे. पण नाव तिचं आहे ना. पत्ता मिळाला तर देऊन ये,” ती स्वयंपाकघराकडे वळत म्हणाली, “आणि पाकीट रिकामं देऊ नकोस. मी लाडू करते थोडे.”