घाटावर गर्दी, थेटरात अकरा माणसं

काल रात्री भाच्याने पहिल्यांदा ‘स्वदेस’ बघितला. दोन वाजता मला मेसेज, ‘मामा, हा पिक्चर पाडणारी माणसं होती तरी कोण?’

सकाळपासून डोकं फिरलंय. कारण इथे बघावं तर आमच्या वयाचा जो तो म्हणतो, ‘आपला तर पहिल्यापासून फेव्हरेट.’ थापा आहेत सगळ्या. 17 डिसेंबर 2004 ला लागला. पुढच्या आठवड्यात मी आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, साताऱ्याला गेलो, तर आम्हाला धरून थेटरात अकरा माणसं. मोजली होती, कारण डोअरकीपर म्हणाला, अजून दोघं येऊ देत, मग चालू करू.

आणि पिक्चर कुठला? आपल्या वाईशेजारच्या मेणवलीतला! पिक्चरमधलं ते चरणपूर गाव म्हणजे आपलंच मेणवली. शूटिंग बघायला घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. तिकीट काढायची वेळ आली तेव्हा कुठे गेली होती ती सगळी?

अण्णा वीज मंडळात वायरमन. दिवस भारनियमनाचे, रोज कुणाच्या तरी शिव्या खाऊनच घरी यायचे. पिक्चरमध्ये गावाला पडद्यावर सिनेमा दाखवत असतात आणि ऐन रंगात लाईट जाते. मागून एक जण ओरडला, ‘वायरमन, बघा तुमचं काम!’ अकरा माणसांत ओळखीचा निघालाच. अण्णाही हसले.

हो, लांबलाय. तीन तासांच्या वर आहे, मधली प्रेमकथा रेंगाळते, कबूल. नासातून एक जण येतो आणि गावात वीज आणतो, हेही जरा सोपंच वाटतं. पण ज्यांना सोपं वाटतं त्यांनी नंदुरबारमधल्या बिलगावचं नाव ऐकलंय का? धबधब्यावर वीज केली होती तिथल्या आदिवासींनी, श्रमदान करून. दिग्दर्शक आशुतोष गोवारीकरांना पिक्चर सुचण्यामागे ते काम होतं.

बक्षिसं मिळाली की! महेश अणे यांना छायाचित्रणासाठी, उदित नारायणना ‘ये तारा वो तारा’साठी, दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार. शाहरुखला फिल्मफेअर. फक्त माणसं आली नाहीत.

शेवटी त्या म्हातारीसमोर बल्ब पेटतो ना, तेव्हा मी शेजारी बघितलं. अण्णा पुटपुटले, ‘व्होल्टेज कमी आहे.’ मग स्टँडपर्यंत एक शब्द नाही. एसटीत बसल्यावर म्हणाले, ‘लाईट आल्यावर आपल्याकडे असं कुणी बघत नाही रे.’

आता लिहिता लिहिता आवाज खाली आलाय, तर खरं सांगून टाकतो. सोमवारी पुण्याला होस्टेलवर परत गेलो. पोरांनी विचारलं, कसा आहे? मी म्हणालो, ‘झोप येते रे, पैसे घालवू नका.’ एकोणीस वर्षांचा होतो, रूमवर ‘धूम’चं पोस्टर होतं, बापाबरोबर बघितलेला पिक्चर आवडला हे सांगायची लाज वाटली. सहा जण जाणार होते. एकही गेला नाही. त्यातले चौघे आज इथे ‘पहिल्यापासून फेव्हरेट’ आहेत, आणि हे वाचतायत.

अण्णा टीव्हीवर लागला की अजून बघतात. बल्ब पेटला की तेच, ‘व्होल्टेज कमी आहे.’ मी काही बोलत नाही.

भाच्याच्या मेसेजवर निळ्या टिका पडून नऊ तास झालेत.