निनावी यांस, जरा सविस्तर

मागच्या लेखावर, म्हणजे अमेरिकन लेखिका लॉरेन हॅन्सबेरीच्या ‘अ रेझिन इन द सन’ या नाटकावरच्या, ‘निनावी’ यांची एक प्रतिक्रिया आली आहे. (नाटक शिकागोतल्या यंगर या कृष्णवर्णीय कुटुंबाचं: आई, मुलगा वॉल्टर, त्याची बायको रूथ आणि बहीण बेनिथा. बापाच्या विम्याच्या पैशांतून ते गोऱ्यांच्या वस्तीत घर घ्यायला निघतात. प्रतिक्रियेतला बराका म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकन कवी-नाटककार अमिरी बराका.) मी सोयीचं तेवढंच उचललं असं कुणी म्हणायला नको म्हणून आधी ती अख्खी देतो:

“लेख वाचला. हॅन्सबेरीला पुलित्झर मिळालं नव्हतं. या नाटकात एकही समलिंगी पात्र नाही, तरी तिचं लेस्बियन असणं तुम्ही हल्लीची फॅशन म्हणून चिकटवलंय. जी समोर ढळढळीत आहे त्या रूथला दीड ओळ, आणि वॉल्टरच्या मर्दपणाला टाळ्या! बराकाने या नाटकाला मध्यमवर्गीय म्हटलं ते उगीच नाही. थोडा अभ्यास वाढवा.”

पुलित्झरची चूक कबूल. १९५९ चं पुलित्झर आर्किबाल्ड मॅक्लीशच्या ‘जे. बी.’ला गेलं, हॅन्सबेरीला मिळाला तो न्यूयॉर्क ड्रामा क्रिटिक्स सर्कलचा पुरस्कार. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवणाऱ्याचे आभार मानायची माझी पद्धत आहे, तेव्हा आभार.

आता ‘अभ्यास वाढवा’. आपल्याला माहीत नसावं म्हणून सांगतो, मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलंय, तेही तालुक्याच्या गावी, जिथे पुस्तकांचं दुकान म्हणजे गाईड आणि वह्या. या नाटकाची माझी पहिली प्रत म्हणजे पुण्याच्या मित्राने पाठवलेली झेरॉक्स. तिच्या कडेच्या ओळी काळ्या पडल्या होत्या आणि त्या मी अंदाजाने भरून काढल्या होत्या. पुढे वर्गात मुलांकडून वाचनही करून घेतलं. रूथ वाचणाऱ्या मुलीने विचारलं, “सर, हिला काय वाटतं ते कुठे लिहिलंय?” मी म्हटलं, रंगसूचना नीट वाच. सांगायचा मुद्दा, हे नाटक मी काल इंटरनेटवर शोधून वाचलेलं नाही.

पण खरा टोचला तो ‘फॅशन’ हा शब्द. त्यावर थोडं थांबावं लागेल.

ब्रॉडवेवर हे नाटक ११ मार्च १९५९ ला आलं. कृष्णवर्णीय स्त्रीने लिहिलेलं तिथलं पहिलंच नाटक. बाई अठ्ठावीस वर्षांची. त्याच्या दोन वर्षं आधी, १९५७ मध्ये, ती ‘द लॅडर’ या लेस्बियन स्त्रियांच्या छोट्याशा मासिकाला पत्रं लिहीत होती. पूर्ण नाव न देता, नुसत्या आद्याक्षरांनी. त्यांत तिने म्हटलंय की समलिंगी माणसांच्या छळाचं मूळ नुसत्या अडाणीपणात नाही, ते स्त्रीविरोधी विचारसरणीतही आहे. पुरुषांशी लग्न करून बसलेल्या लेस्बियन स्त्रियांच्या पोटापाण्याच्या परावलंबनाबद्दलही ती लिहिते. हे लिहिताना ती स्वतः विवाहित होती. म्हणजे बाईपण, लैंगिकता आणि पैसा यांची गाठ तिने स्वतःच्या हाताने बांधून ठेवली आहे. मी फार तर ती दाखवली. याला चिकटवणं म्हणतात?

“एकही समलिंगी पात्र नाही.” नाहीच. पण का नाही, हा प्रश्न आपल्याला पडला नाही याचं नवल वाटतं. न्यूयॉर्क राज्यात १९२७ पासून कायदा होता: रंगमंचावर लैंगिक ‘विकृती’ दाखवली तर थिएटरला वर्षभर कुलूप लागू शकत होतं. हा कायदा १९६७ पर्यंत पुस्तकात होता. नेहमी वापरला जायचा असं नाही. लिलियन हेलमनचं ‘द चिल्ड्रन्स अवर’ १९३४ मध्ये न्यूयॉर्कात धो धो चाललं, बॉस्टनमध्ये मात्र त्यावर बंदी आली. पण टांगती तलवार ती टांगती तलवार. टेनेसी विल्यम्सच्या ‘कॅट ऑन अ हॉट टिन रूफ’मध्ये (१९५५) नायक ब्रिकचा जिवलग मित्र स्किपर पडदा वर जाण्याआधीच मेलेला आहे, आणि दोघांत जे काही होतं त्याला ब्रिक शेवटपर्यंत नाव देत नाही. त्या काळच्या नाटकात शोधायचं असेल तर कोण काय बोलायचं टाळतंय ते बघावं लागतं.

तसं ‘रेझिन’मध्ये बघा. बेनिथाला डॉक्टर व्हायचंय. लग्नाचा विषय निघतो तेव्हा ती सहज म्हणून जाते की कुणाशी करायचं याची मला आत्ताच फिकीर नाही, केलंच तर. त्या ‘केलंच तर’वर आई आणि वहिनी दोघी दचकतात. तिच्याशी जुळवू पाहणारा पैसेवाला जॉर्ज तिला सुचवतो की एवढा विचार करू नकोस, मला साधीशी छान मुलगी हवी आहे. तिला मागणी घालणारा नायजेरियाचा असागाई तिच्या आफ्रिकन मुळांचं एवढं कौतुक करतो, पण बाईला प्रेम पुरेसं असायला हवं असं त्याचंही मत. बेनिथाला पुरत नाही. ती लेस्बियन आहे असं मी कुठेही लिहिलेलं नाही, लेख पुन्हा वाचावा. मी एवढंच म्हटलं की ही ‘केलंच तर’ लिहिणारी बाई कोण होती ते माहीत असलं की तो शब्द वेगळा ऐकू येतो. पुढच्या ‘द साइन इन सिडनी ब्रुस्टीन्स विंडो’मध्ये (१९६४) तर तिने उघडउघड समलिंगी नाटककार उभा केला, आणि त्याला काही गोंजारलेलंही नाही. एकशे एक प्रयोगांनंतर ते नाटक बंद झालं, जानेवारी १९६५ मध्ये. त्याच महिन्यात, १२ तारखेला ती गेली, कॅन्सरने, चौतिसाव्या वर्षी. एवढं सगळं ‘फॅशन’ या तीन अक्षरांत गुंडाळायचं?

आणि नाव लपवण्याबद्दल मला कुणी शिकवू नये. बदली होऊन शहरात आलो तेव्हा भाड्याचा फ्लॅट बघायला गेलो होतो. सोसायटीच्या सेक्रेटरींनी चहा पाजला, आडनाव विचारलं, कप खाली ठेवला आणि अतिशय गोड आवाजात म्हणाले, “आमच्याकडे सगळे एकाच पद्धतीचे लोक आहेत, तुम्हालाच अवघडल्यासारखं होईल.” तुम्हालाच! नाटकातला लिंडनर, म्हणजे त्या गोऱ्या वस्तीचा प्रतिनिधी, यंगर कुटुंबाकडे येतो तो असाच, हॅट हातात धरून, तुमच्याच भल्याचं सांगायला. घर सोडा म्हणून त्यांनी घराला दिलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसेही देऊ करतो. त्यानंतरच्या सोसायटीत मी नुसतं ‘सर’ म्हणून ओळख करून दिली होती. हॅन्सबेरीने आद्याक्षरं वापरली त्याला कारण होतं, मी आडनाव गिळलं त्यालाही होतं. आपण एका मराठी ब्लॉगवर पाच ओळी टाकताना निनावी का राहिलात, ते आपलं आपल्याला ठाऊक.

आता उरलेलं, थोडक्यात.

बराकाने मध्यमवर्गीय म्हटलं होतं, खरं आहे. त्याच बराकाने १९८० च्या दशकात ते मत जाहीरपणे मागे घेतलं आणि आपलंच चुकलं असं लिहिलं. तुम्ही अर्धाच बराका वाचलाय. अभ्यास कुणी वाढवायचा ते ठरवू या.

मर्दपणाला टाळ्या: वाजवल्या. ज्याच्या बापाचं आयुष्य मजुरी करण्यात गेलं, जो स्वतः साहेबाची गाडी चालवतो आणि बापाच्या विम्यातले साडेसहा हजार डॉलर भामट्याच्या हवाली करून बसलाय, तो लिंडनरला नाही म्हणतो तेव्हा आईला तो आज पुरुष झाला असं वाटणारच. पावसानंतरच्या इंद्रधनुष्यासारखा, म्हणते ती. आता या वाक्यात काय खुपतं? हॅन्सबेरीच्या घरचंच उदाहरण घ्या. १९३७ मध्ये तिच्या वडिलांनी शिकागोत गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतलं, खिडकीतून दगडविटा आल्या, एक तर तिला लागता लागता राहिली. वडील वॉशिंग्टनला सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले आणि १९४० मध्ये खटला जिंकलेही, अर्थात तांत्रिक मुद्द्यावर. कृष्णवर्णीयांना घर विकायचं नाही असे गोऱ्या वस्त्यांचे जे करार होते, ते काही तेव्हा रद्द झाले नाहीत. ते तिकडे लढत असताना आई भरलेलं जर्मन पिस्तूल घेऊन रात्रभर घराला पहारा देत फिरायची. हे हॅन्सबेरीनेच लिहून ठेवलंय. हे लेखात घ्यायला हवं होतं असं कुणी म्हणेल, पण लेख नाटकावर होता.

रूथबद्दल. लेखाला शब्दमर्यादा असते (मीच घातलेली, पण असते). तिला दुसऱ्यांदा दिवस गेलेत, घरात जागा नाही, मुलगा बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपतो, आणि बेकायदा गर्भपात करणाऱ्या बाईला ती पाच डॉलर आगाऊ देऊन आली आहे. सासू हे वॉल्टरला सांगते तेव्हा तो म्हणतो, रूथ असं करणार नाही. रूथ म्हणते, करीन, पैसे देऊन आलेय. तो काही न बोलता निघून जातो. हा प्रसंग कुणालाही दिसतो, तो वेगळा समजावून सांगायची गरज मला वाटली नाही. नवीन घर म्हटल्यावर सगळ्यांत आधी आनंदाने ओरडते तीच, हेही मला माहीत आहे. प्रत्येक लेखात प्रत्येक पात्राला न्याय द्यायचा तर लेखाची यादी होईल.

यापुढे नावाशिवाय आलेल्या प्रतिक्रिया छापायच्या की नाही याचा विचार करतो आहे. असहमती चालेल, टोमणे नकोत.

आणि रूथला दीड ओळ दिली, हे धादांत खोटं आहे. आत्ता लेख उघडून मोजल्या. तीन ओळी आहेत. त्यातली एक वॉल्टरबद्दल आहे.