एन बरोबर सात

फोटोवाला कॅमेरा लावून दहा मिनिटं उभा होता, शेवटी न राहवून म्हणाला, "मॅडम, बाकीची मुलं कधी येणारेत?" मॅडम म्हणाल्या, "आलीयेत सगळी." त्याने आमच्याकडे बघितलं, मग आमच्या मागच्या चार रिकाम्या पायऱ्यांकडे बघितलं, आणि काही न बोलता स्टँड उचलून बराच पुढे आणला.

तर आम्ही सात जण. स्टॅटिस्टिक्सच्या भाषेत एन म्हणजे सॅम्पलमधली संख्या, ती आमची सात. टीवाय बीएस्सी स्टॅटिस्टिक्स. फोटोत आम्ही सात, शिक्षक पाच, ऑफिसचे दोन, ज्युनिअर तीन आणि शिपाई मामा, म्हणजे ज्यांचा निरोप समारंभ तेच अल्पसंख्याक. एखाद्या लग्नात नवरीकडचे कमी पडल्यावर कसं कॅटरर्सच्या पोरांनाही फोटोत उभं करतात, तसं काहीसं झालं होतं.

एफवायला असं नव्हतं हो. एफवायला आम्ही शंभराच्या वर होतो, वर्गात घुसायला चौथ्या बाकापर्यंत धक्काबुक्की, आणि हजेरी म्हणजे काय सुख होतं. सर खाली मान घालून नंबर वाचणार आणि आपण पाठीमागून "येस सर" म्हणायचं. मी एका दिवसात चार जणांची हजेरी लावलेली आहे आणि त्यातला एक मुलगा होता, त्याच्यासाठी आवाज जाड करायचे. माणसाला गर्दीची किंमत गर्दी गेल्यावर कळते. एसवायला एक विषय सुटला, टीवायला एकच विषय ठेवायचा होता, तर ज्यांना घरच्यांनी नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कंपन्या दाखवल्या ते केमिस्ट्रीला गेले, ज्यांना पुणं दाखवलं ते कॉम्प्युटरला गेले, आणि ज्यांना कोणी काहीच दाखवलं नाही ते आम्ही सात.

वर्ग मात्र तोच राहिला, शंभर जणांचा. पंखा पाचव्या बाकावर चालायचा आणि आम्हाला बसायला लागायचं पहिल्या बाकावर, कारण सर म्हणायचे, "मी काय भिंतींना शिकवू का?" सरांनी वर्षभरात हजेरी घेतलीच नाही. गरजच काय? वर्गात शिरताना एकदा बघितलं की झालं. आणि नावाने हाक मारण्याऐवजी त्यांनी आमची गावं पाठ केली होती, त्यामुळे सगळं लेक्चर एसटीच्या पाटीसारखं चालायचं. "निफाड, उभा राहा. सिन्नर, झोपू नको. ओझर, पुढचं तू सांग." बाकी पंचवटी, नाशिकरोड, सिडको. मी गंगापूर रोडची म्हणून मी नुसतीच गंगापूर.

आता गावांचा फायदा काय, तर कारणं. निफाडकडे थंडीचं कारण होतं, पारा उतरला की रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून द्राक्षं सांभाळावी लागतात, हे खरंच आहे, पण हा पठ्ठ्या फेब्रुवारी संपला तरी शेकोट्या पेटवत होता. नाशिकरोडला द्वारका चौकातलं ट्रॅफिक. सिन्नरला बस. पंचवटीने तर हद्दच केली, एकदा येऊन सांगितलं की सर गोदेला पाणी आलं, नदीतल्या ज्या मूर्तीवरून पूर मोजतात त्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं होतं, पूल ओलांडता आला नाही. सरांनी खिडकीतून बाहेर बघितलं. कडक ऊन. महिना जानेवारी. सर म्हणाले, "मारुतीराया खाली बसला होता का रे?"

माझ्याकडे कारणच नव्हतं. घर ते कॉलेज पायी सात मिनिटं, वाटेत ना पूल ना द्वारका.

आणि इथेच ते डिग्रीज ऑफ फ्रीडम आले. ज्यांनी हा विषय घेतला नाही त्यांच्यासाठी सांगते, सात आकड्यांची सरासरी आधीच ठरलेली असेल तर सहा आकडे तुम्ही वाट्टेल ते घ्या, सातव्याला मात्र मर्जी नसते, तो वजाबाकी करून येतो. म्हणजे सात जणांत स्वातंत्र्य सहा जणांनाच. सरांनी हे फळ्यावर शिकवलं तेव्हा बाकी सगळ्यांनी नुसतं लिहून घेतलं, मला ते तिथल्या तिथे समजलं, कारण सरांचा नियम होता की एक जण असला तरी लेक्चर होणार, आणि तो एक जण कायम मी.

एकदा सहाच्या सहा पिक्चरला गेले. मला सांगितलंच नाही, का तर म्हणे तू गेलीस तर सर चिडतील. मी आणि सर. अठ्ठेचाळीस मिनिटं. मला वाटलं सर म्हणतील जाऊ दे आज, पण सरांनी डस्टर घेतलं, फळा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पुसला आणि सुरू. मध्येच म्हणाले, "समजलं का सगळ्यांना?" मी मागे वळून बघितलं. खरंच बघितलं, सवयीने. मग म्हणाले, "मागच्यांना दिसतंय ना?" ह्या माणसाच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही हो. मला जांभई आली तर ती कुठे लपवायची हा प्रश्न, कारण सात जणांच्या वर्गात जांभई थेट सरांपर्यंत पोचते, आणि एकाच्या वर्गात तर ती फक्त सरांचीच असते.

मग मी संप केला. म्हटलं समान वाटणी हवी. आणि आम्ही तेव्हा नेमकं डिझाइन ऑफ एक्सपरिमेंट्स, म्हणजे प्रयोगांची आखणी, शिकत होतो, त्यात लॅटिन स्क्वेअर असतो, सात ओळी, सात रकाने, प्रत्येक अक्षर प्रत्येक ओळीत एकदाच आणि प्रत्येक रकान्यात एकदाच. स्टॅटिस्टिक्सवाल्या फिशरसाहेबांनी शेतातल्या वाफ्यांसाठी वापरला, आम्ही बंकसाठी. ओळ म्हणजे आठवडा, रकाना म्हणजे लेक्चर, अक्षर म्हणजे कोण गायब राहणार. ए म्हणजे ओझर, बी म्हणजे सिडको असं करत. कोणाचीही हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली जाणार नाही. दोन दिवस बसून केलं, आख्ख्या वर्षात इतका मन लावून अभ्यास कधी केला नव्हता. आणि सिन्नरने तो कागद प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये ठेवून जर्नल सबमिट केलं.

जर्नल परत आलं. कागद आतच होता. त्यावर लाल पेनाने लिहिलेलं, "चौथ्या ओळीत सी दोनदा आलाय. दुरुस्त करून पुन्हा आणा." सी म्हणजे निफाड. स्वतःसाठी एक लेक्चर जास्त ढापलं होतं त्याने.

सरांचं लाडकं वाक्य होतं, लहान सॅम्पलला कमी लेखू नका. मग ती गोष्ट यायचीच, की लहान सॅम्पलसाठीची टी-टेस्ट कोणी काढली, तर डब्लिनच्या गिनेस बिअरच्या कारखान्यातल्या गॉसेटने, आणि कंपनी स्वतःच्या नावाने छापू देत नव्हती म्हणून त्याने १९०८ साली पेपर छापला तो 'स्टुडंट' ह्या नावाने. ही गोष्ट आम्ही निदान नऊ वेळा ऐकली. शेवटी सर हळहळायचे, "आपल्या नाशिकला एवढ्या वायनरी, पण एक टेस्ट निघाली नाही." त्यावर निफाड एकदा म्हणाला, "सर आमची द्राक्षं एक्सपोर्टला जातात," आणि सरांना बराच वेळ काय बोलावं कळेना.

बाकी लहान वर्गाचे हाल काय सांगू. क्रिकेटला सर आणि मामा धरूनही आम्ही नऊ व्हायचो. वाढदिवसाला अर्ध्या किलोचा केक उरायचा. कोणाशी भांडावं तर लपायला दुसरा ग्रुप नाही, ओझर आणि सिडको दोन महिने एकमेकींशी बोलत नव्हत्या आणि बसायच्या मात्र शेजारी शेजारी, कारण पंखा नसला तरी पहिल्या बाकावर निदान खिडकी होती.

तर निरोप समारंभ. एरवी एखाद-दोघं मनोगत व्यक्त करतात, इथे मॅडम म्हणाल्या सगळ्यांनी बोला, नाहीतर अकरा मिनिटांत संपेल. मग काय, सहा जण उठले आणि सहाही जणांनी लॅटिन स्क्वेअरचाच किस्सा सांगितला. व्हेरिअन्स शून्य, म्हणजे फरक काडीचाही नाही. सर सहाही वेळा हसले. माझी पाळी शेवटची, तोपर्यंत सांगायला काही उरलंच नव्हतं, पुन्हा वजाबाकी. मी उठले, म्हटलं, "सर, मागच्यांना दिसतंय," आणि पुढे काय बोलायचं होतं ते घशातच राहिलं, मग बसले.

नंतर सर म्हणाले चला, मिसळ माझ्याकडून. गंगापूर रोडलाच, जवळच. बसलो, पापड आले, दही आलं, तर्रीचा वास सुटला, वेटर विचारतोय किती प्लेट लावू, आणि एक खुर्ची रिकामी. सरांनी नजर फिरवली, तीच ती वर्गात शिरतानाची. म्हणाले, "निफाड?"

मी पाण्याचा ग्लास खाली ठेवला आणि जाड आवाजात म्हटलं, "येस सर."

सर वेटरला म्हणाले, "आम्ही धरून आठ."

निफाड वीस मिनिटांनी आला, तोपर्यंत त्याची मिसळ सिन्नरने संपवली होती. कुठे होतास विचारलं तर म्हणाला, द्वारकेला ट्रॅफिक होतं.

आमच्यासोबतच निघाला होता हो तो. कॉलेजच्या गेटमधून.