हातचा येत नाही, म्हणूनच

१२३४५६७८९८७६५४३२१ या संख्येवरचा लेख आवडला, पण तिला 'चमत्कार' म्हणून तिथेच सोडून दिलं हे पटलं नाही. नऊ एक्क्यांच्या संख्येचा (१११११११११) तो वर्ग, इतकंच लेखात आहे. का, ते नाही. आणि ते तर पाचवीतल्या मुलालाही कळेल!

काल मुलुंडला घरी भाचीला चौकटीच्या वहीत गुणाकार मांडून दाखवला. नऊ ओळी, प्रत्येकीत तेच नऊ एक्के, फक्त एकेक घर डावीकडे सरकलेले. बेरजेला उजवीकडून एक एक्का, मग दोन, तीन, मधोमध नऊ, आणि पुन्हा उतरत एकापर्यंत. कुठेच नवाच्या पुढे जात नाही, म्हणून हातचा येत नाही. भाचीने लगेच विचारलं, "मामा, दहा एक्के घेतले तर?" घेतले. १२३४५६७९००९८७६५४३२१. मध्ये हातचा शिरला आणि चढत्या बाजूचा आठ गायब.

गणितज्ञ द. रा. कापरेकरांचं नाव मात्र लेखात हवंच होतं. डहाणूत जन्मलेले, देवळालीच्या शाळेत शिकवणारे. त्यांनी या संख्यांना 'डेम्लो' म्हटलं, ते डोंबिवली स्टेशनच्या तेव्हाच्या नावावरून. कल्पना तिथेच सुचली. आपण रोज लोकलने तिथून जातो आणि हे आपल्याला कोणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

अवयवही द्यायला हवे होते: १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७, आणि यातली ३३३६६७ चक्क मूळ संख्या आहे. वर्गात ३ चार वेळा येतो, ३७ आणि ३३३६६७ दोन-दोन वेळा; त्यामुळे वर्गाला विभाजक ५ × ३ × ३, म्हणजे बरोबर ४५.