लातूर पॅटर्न, इयत्ता पाळणा

औसा रोडच्या आमच्या टपरीवर संध्याकाळी पाणी, प्लॉटचे भाव आणि कुणाच्या पोराला नीटला किती पडले, ह्यापलीकडं विषय सहसा जात नाही. परवा मात्र बाकड्यावर एक निळ्या कानांचं कापडी कुत्रं बसलं होतं, आणि त्याच्यावरून चांगलं दोन चहा होईस्तोवर वाजलं.

कुत्रं बालाजीचं. म्हणजे त्याच्या लेकराचं. उष्टावणाला मामानं पुण्याहून आणलेलं. छातीत दिवा, चारी पायांत बटणं, एका कानातही एक. दाबलं की इंग्रजीत गाणं म्हणतं, आकडे मोजतं, रंगांची नावं सांगतं. पुढचा डावा पंजा मुका झाला होता, म्हणून बालाजी ते शेजारच्या सादिकभाईकडं घेऊन आला होता. सादिकभाईचं दुकान मोबाईल रिपेअरिंगचं, पण मिक्सरपासून इमर्जन्सी दिव्यापर्यंत सगळं तिथं येतं. मास्तरांनी सोबतचा खोका उचलला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि वरचं इंग्रजी मराठीत करून मोठ्यानं वाचलं, “मेंदूचा विकास. भाषा. गणिताची पूर्वतयारी. वय महिने सहा आणि पुढं.”

“घ्या,” अण्णा म्हणाले. “क्लासवाले बाळंतिणीच्या खोलीपातूर यायचे तेवढे राहिले होते. आले.”

हसलो सगळे. पण आमच्या गावात ही गोष्ट नुसती हसण्यावारी नेता येत नाही. लातूर पॅटर्न बारावीपुरता होता तोवर ठीक होतं. मग अकरावीच्या आधी फाउंडेशन, त्याच्या आधी आठवीपासूनची बॅच, असं करत तो खाली खाली उतरत आला. उतरत उतरत तो पाळण्याशी पोचणार हे दिसतच होतं.

बालाजीला ते लागलं. “अण्णा, तुमच्या वेळंला घरात चौदा माणसं होती. माझ्या घरात मी अन् ती. मी साडेनऊला बँकेत. तिनं भात टाकायचा म्हटलं तर तेवढा वेळ लेकराकडं कोण बघंल? हे कुत्रं बघतंय. लेकरू रडत नाही. मला पुरं.”

ह्यावर बाकड्यावर कुणाकडंच उत्तर नव्हतं, कारण कडेवर लेकरू घेऊन भात टाकायची वेळ आमच्यापैकी एकावरही आलेली नव्हती.

मास्तरच मग बोलले. मास्तर डी.एड.च्या पोरांना मानसशास्त्र शिकवून रिटायर झालेत आणि अजून शिकवायचे थांबलेले नाहीत. “रडत नाही, हे मान्य. शिकतंय, असं म्हणू नको.”

“का म्हणू नको? पंजा दाबला की गाणं लागतं हे त्याला कळलंय. आपण दाबून बघतं, अन् नाही वाजलं की माझ्याकडं बघतं.”

“हां. हे मात्र खरं शिकणं,” मास्तर म्हणाले आणि बालाजी चकित झाला. १९६९ साली अमेरिकेत कॅरोलिन रोव्ही-कोलियर ह्या बाईंनी दोन-तीन महिन्यांच्या लेकरांच्या पायाला रिबीन बांधली आणि तिचं दुसरं टोक पाळण्यावर टांगलेल्या झुंबरासारख्या खेळण्याला जोडलं. पाय झाडला की खेळणं हलायचं. थोड्या मिनिटांत लेकरं जास्त पाय झाडायला लागली. माझ्या करण्यानं काहीतरी घडतं, हे त्यांना उमगलं होतं. “ह्या कुत्र्यात मोलाचं काय असंल तर ते बटण. गाणं नव्हे, आकडे तर नव्हेच नव्हे.”

“बटणासाठी अठराशे रुपये?” अण्णा. “वाटी-चमचा द्या की हातात.”

वाटी-चमच्याचं कौतुक आपल्याकडं जरा जास्तच होतं, असं माझं मत. ज्याच्या उशाशी लेकरू वाटी वाजवतं त्याला विचारा. पण अण्णांचा मुद्दा चुकीचा नाही, वाटीही दाबल्या-आपटल्याला लगेच उत्तर देते आणि तिला बॅटरी लागत नाही.

एवढ्यात सादिकभाईनं कुत्र्याच्या पाठीची चेन उघडली होती. आतून पांढरा कापूस बाजूला सारून त्यानं एक प्लॅस्टिकची डबी बाहेर काढली. स्क्रूनं बंद झाकण, आत तीन पेन्सिल सेल. डबीला चिकटून पाच रुपयाच्या नाण्यापेक्षा जरासा मोठा स्पीकर. तिथून बारीक वायरी चारी पायांत आणि कानात गेलेल्या, प्रत्येकीच्या टोकाला एक चपटं बटण. आणि मधोमध अंगठ्याएवढा हिरवा बोर्ड, त्याच्यावर काळ्या लाखेसारखा एक थेंब.

“ये देखो,” सादिकभाई म्हणाला. “ह्या थेंबाखाली आयसी, म्हणजे चिप. सगळी गाणी त्याच्यातच. बटण दाबलं की वायर टेकते, आयसी तेवढी क्लिप वाजवतो, दिवा लावतो. बस. खतम.”

“पण त्याला लेव्हल आहेत,” बालाजी म्हणाला. “एक, दोन, तीन. लेकराच्या वयाप्रमाणं.”

सादिकभाईनं डबीच्या कडेचा सरकता स्विच दाखवला. “हा? हा एकवर असला की ही क्लिप, दोनवर असला की ती. लेकराचं वय काय, ते झोपलं की जागं, हसलं की रडलं, ह्याला काहीच कळत नाही. उद्या ह्याच्या पंजावर मी पाय दिला तरी म्हणंल, शाब्बास.”

त्यानं खरंच स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं पंजा दाबला. कुत्र्यानं त्याला इंग्रजीत शाबासकी दिली.

मला वाटतं त्या संध्याकाळचा सगळा वाद त्या शाबासकीतच होता, बाकी आम्ही उगाच लांबवला. खोक्यावर लिहिलेलं “लेकराला प्रतिसाद देणारं खेळणं” म्हणजे हे. लेकरानं “बा” केलं की आई “बा? बाबा आले का?” करते, लेकरू परत “बाबा” करतं, आई तोंड बघून पुढचं बोलते. ह्या देवाणघेवाणीत लेकराच्या आवाजाकडं, नजरेकडं कुणीतरी लक्ष देतंय. कुत्र्याला आवाज ऐकायला कानच नाही. कानात आहे तेही बटण.

बालाजी सहजी सोडणारा नव्हता. “शब्द तर कानावर पडतात? इंग्रजीचा उच्चार आत्तापासून पडला तर बिघडलं काय? आपण सातवीपर्यंत ‘द’ला ‘दी’ का म्हणायचं ह्यातच होतो.”

मास्तरांची खुर्ची पुढं सरकली. २००३ साली पॅट्रिशिया कूल ह्या बाईंनी नेमकं हेच तपासलं होतं. इंग्रजी घरांतली नऊ महिन्यांची अमेरिकन लेकरं. काहींशी चिनी बोलणारी माणसं समोर बसून खेळली, पुस्तकं वाचली, अशा बारा बैठका. काहींना तीच माणसं, तेच बोलणं पडद्यावर दाखवलं, काहींना नुसता आवाज ऐकवला. नंतर चिनीतले खास ध्वनी वेगळे ओळखता येतात का बघितलं. माणसासोबत खेळलेल्यांना आले. पडदा आणि आवाजवाल्यांत, अजिबात चिनी न ऐकलेल्या लेकरांपेक्षा काहीच जास्त नव्हतं.

सादिकभाई हसला. “आमच्या घरात नातू अम्मीशी दखनीत बोलतो, गल्लीत मराठी, अन् उदगीरची मावशी आली की तिच्याशी कन्नडमधी दोन शब्द. कुणी कुत्रं नाही आणलं.”

“तुझ्या घरात माणसं किती?” बालाजीनं विचारलं.

“अकरा.”

“मग.”

हा “मग” योग्य होता.

त्यानंतर मी जे मांडलं त्यावर सगळ्यात जास्त ओरडाआरडा झाला. अ‍ॅना सोसा ह्या अमेरिकन संशोधिकेनं अ‍ॅरिझोनात दहा ते सोळा महिन्यांची लेकरं आणि त्यांचे आईबाप घेतले. घरातच, रेकॉर्डर लावून. कधी आवाज-दिव्यांची खेळणी, कधी लाकडी कोडी आणि ठोकळे, कधी पुस्तकं. आईबाप मिनिटाला किती शब्द बोलतात ते मोजलं. पुस्तकासोबत सुमारे ६७. ठोकळ्यांसोबत ५६. वाजणाऱ्या खेळण्यांसोबत ४०. आणि मोठी माणसं गप्प झाली की लेकरांचं बोबडं बोलणंही कमी व्हायचं. खेळणं बोलायलंय म्हटल्यावर आई ऐकत बसते. दोघांनी एकदम बोलू नये ही आपली सभ्यता, ती आपण यंत्रालाही दाखवतो.

“किती घरं?” बालाजी.

“सव्वीस.”

“सव्वीस! आमच्या गल्लीत जास्ती आहेत. त्यात कुत्रं होतं का?”

नव्हतं. खेळण्यातला लॅपटॉप, बोलणारं फार्म आणि खेळण्यातला फोन होता. मऊ खेळणं लेकरू कवटाळतं, लॅपटॉप कवटाळत नाही, हा त्याचा पुढचा मुद्दाही बरोबर होता. बालाजी बँकेत कर्जाच्या फायली तपासतो, कागदातली फट त्याला लगेच दिसते. छोटा अभ्यास आहे, मान्य. तरी त्यातली गोष्ट आपापल्या घरात बघण्यासारखी आहे. टीव्ही चालू असताना जेवणाच्या ताटावर किती बोलणं होतं, तेवढं आठवा.

अण्णांना मात्र मोझार्टचंच ऐकायचं होतं. ह्या युरोपातल्या जुन्या संगीतकाराचं संगीत ऐकवलं की बाळ हुशार होतं असा समज, म्हणून त्यांच्या सुनेनं पोटात बाळ असताना मोबाईल पोटावर ठेवून ते लावलं होतं. मोझार्टची कुळकथा मजेदार आहे. १९९३. आपल्याकडं किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतर दोन आठवड्यांनी ‘नेचर’मध्ये एक पानभर लेख आला. कॉलेजची ३६ पोरं, दहा मिनिटं मोझार्ट, आणि कागदाच्या घड्या ओळखण्यासारख्या कामात थोडी सुधारणा. तीही दहा-पंधरा मिनिटांत ओसरली. त्यात एकही तान्हं लेकरू नव्हतं. पण १९९८ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरनं प्रत्येक नवजात बाळाला संगीताची सीडी द्यायला १,०५,००० डॉलर मागितले. पुढं तान्ह्या लेकरांसाठीच्या ‘बेबी आइनस्टाइन’ नावाच्या व्हिडिओंचा मोठा बाजार झाला आणि २००९ मध्ये ते विकणाऱ्या डिस्ने कंपनीला ते परत घेऊन पैसे देण्याची योजना काढावी लागली.

“म्हणजे पैसे परत मिळतात?” अण्णांनी विचारलं. त्यांच्या सुनेनं मोबाईलवर फुकट ऐकलं होतं, तरी.

मेडिकलवाले शटर ओढून आले ते मधेच. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. ह्या कुत्र्यात पेन्सिल सेल आहेत आणि झाकणाला स्क्रू आहे, ते बरं. छोट्या खेळण्यांत बटणासारखे चपटे सेल असतात, ते लेकराच्या अन्ननलिकेत अडकले तर दोन तासांत आतून भाजू शकतं, तेव्हा घरगुती उपाय करत बसू नका, दवाखाना गाठा. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय शिक्का सक्तीचा आहे, गंजगोलाईच्या बाजारात घेताना तेवढा बघा. वर्षाच्या आतलं लेकरू झोपतं तिथं मऊ खेळणं ठेवू नका. आणि आवाज जास्त वाटला तर स्पीकरवर सेलोटेप लावा, ते स्वतः नातवाच्या खेळण्यांना तेच करतात.

दूध न्यायला आलेल्या अंगणवाडीताई एवढा वेळ पिशवी हातात धरून ऐकत होत्या. त्यांनी सांगितलं की केंद्र सरकारचं २०२४ मधलं ‘नवचेतना’ आहे, जन्मापासून तीन वर्षांपर्यंत महिन्यागणिक काय खेळवायचं त्याचं कॅलेंडर, एकूण १४० खेळ-कृती. बहुतेकांना घरातल्याच वस्तू आणि एक माणूस लागतो. “मी बायकांना सांगते, भाजी निवडताना बोला, अंघोळ घालताना बोला. पण ऊसतोडीला गेलेलीला काय सांगू? फडात झाडाला झोळी बांधते अन् पाचटात वाकते. दादा, तुमचं कुत्रं तिला दिलं तर ती नाही म्हणणार नाही.”

मास्तर म्हणाले, “तिला कुत्रं नको, पाळणाघर पाहिजे.”

“पाहिजे ते कधी मिळंल ते मिळंल,” ताई म्हणाल्या आणि दूध घेऊन गेल्या. मास्तर एक मिनीट गप्प, हा आमच्या टपरीवरचा विक्रम असावा.

मला जे वाटलं ते मी बालाजीला सांगितलं. कुत्रं ठेव. भात टाकायच्या वेळी लाव, त्यात लाज नाही. फक्त लेकरू मांडीवर असताना त्याची चेन उघडून सेल काढून ठेव आणि कुत्र्याचा आवाज तू काढ. कुत्रं तसंही मऊ आहे, भुंकायला तुला जमेल. आणि मेंदूचा विकास लिहिलेला तो खोका रद्दीत दे, कारण त्या खोक्यामुळंच बायको एकटी असताना “लेकरू शिकायलंय” असं तुला वाटून तू उशिरा घरी जातोस.

शेवटचं वाक्य त्याला आवडलं नाही. तो सादिकभाईकडं वळला.

“भाई, आयसी बदलून आपली गाणी टाकता येतात का?”

“ही आयसी नाही बदलत. रेकॉर्डिंगचा छोटा बोर्ड मिळतो, तो टाकतो. दहा सेकंदाचा आवाज भरता येतो.”

“दहा सेकंदात आईची ओवी कशी मावंल? तिला नुसतं खाकरायला तेवढे लागतात.”

“मग नाव घ्यायला सांग लेकराचं.”

“ती मशीनमधी बोलणार नाही,” अण्णा म्हणाले. “तुझी आई ना? फोनवर पण ‘ठेवते’ एवढंच म्हणते.”

“मुरुडहून इथं येऊन राहा म्हणावं आठ दिवस,” मास्तर म्हणाले. “बोर्डच नको.”

“म्हैस कोण बघंल?”

सादिकभाई तोवर मुक्या पंजाची वायर शोधून डाग देत होता. “बोर्डाचे दोनशे, डागाचे तीस. सेल तुझे.”

“दोनशे जास्ती होतायत. दीडशे कर.”

“अठराशेचं कुत्रं घेतलं, अन् आईच्या आवाजाला पन्नास कमी करायलास का रे?”

“कुत्रं मामानं घेतलं,” बालाजी म्हणाला. “दीडशे.”