पाय नसलेल्याचे अंथरूण

अंथरूण हा विषय आमच्या घराण्यात कधी चर्चेला आल्याचे मला आठवत नाही. रत्नागिरीच्या घरी पाहुणे वाढले की चटया उलगडत, चटया संपल्या की सतरंजी येई, आणि तीही पुरेनाशी झाली की थोरल्या मुलांनी ‘तुम्ही आता मोठे झालात’ एवढ्या गौरवावर समाधान मानून सारवलेल्या जमिनीवर पडायचे, असा रिवाज होता. त्या परंपरेत वाढलेला मी शिकागोजवळच्या नेपरव्हिल गावात, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, लाकडाचा भुसा चिमटीत धरून त्याचा वास घेत एका दुकानात अर्धा तास उभा राहीन, हे भाकीत कोणा ज्योतिषालाही जमले नसते.

झाले असे की, बारा वर्षांच्या आमच्या चिरंजीवांनी आधी कुत्रा मागितला, मग मांजर मागितली, आणि दोन्ही प्रस्ताव फेटाळल्यावर तडजोड म्हणून साप मागितला. वाटाघाटीचे हे कौशल्य त्याने आईकडून घेतले असावे. घरी आला तो कॉर्न स्नेक, म्हणजे अमेरिकेच्या आग्नेय भागातला एक बिनविषारी साप. वीतभराहून थोडे मोठे असे ते केशरी पिल्लू पुढे साडेतीन-चार फूट वाढते आणि नीट सांभाळले तर १५ ते २० वर्षे जगते. मुलगा सहा वर्षांनी कॉलेजला जाणार, तेव्हा उरलेली चौदा वर्षे कोणाच्या वाट्याची, हे गणित पत्नीने दुकानातच, मराठीतून आणि पुरेशा मोठ्या आवाजात मांडले. मुलाने सापाचे नाव ठेवले नूडल. सहा महिन्यांसाठी आलेल्या माझ्या आईने ते परस्पर बदलून वासुकी केले. (भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार देशी साप घरी पाळणे हा गुन्हा आहे, त्यामुळे फोनवर हे ऐकणारे नातेवाईक आधी आवाज खाली आणत आणि मगच चौकशी करीत.)

काचेच्या टाकीच्या तळाशी जे पसरायचे असते त्याला दुकानात सब्स्ट्रेट म्हणतात. आई त्याला सरळ अंथरूण म्हणाली आणि घरात तोच शब्द रूढ झाला. विक्रेत्या तरुणाने प्रथम दाखवली ती तांबडी, चकचकीत वाळू. ती पाहून मलाही वाळवंट, सूर्यास्त वगैरे सुचू लागले होते. पण चिरंजीवांनी शांतपणे सांगितले की, कॉर्न स्नेक वाळवंटातला नव्हे, आणि भक्ष्याबरोबर वाळू पोटात गेली तर आतडे तुंबते. बारा वर्षांच्या मुलाकडून शिकवणी घेण्याची सवय मला आहे, त्या तरुणाला नसावी.

मग मी माझ्या पसंतीची पिशवी पुढे केली. ती सीडरच्या भुशाची होती आणि तिला देवघरातल्या जुन्या पेटीसारखा प्रसन्न वास होता. हाच वास सापाच्या मुळावर येतो, असे निघाले. अमेरिकेच्या पूर्व भागातला तांबडा सीडर खरे तर जुनिपर या वेगळ्याच झाडाच्या जातीचा असतो, आणि त्यातली उडणारी तेले कपड्यांच्या पेटीतून कसर पळवून लावतात. सापाचे बहुधा एकच फुप्फुस कामाचे असते. त्यात बंद टाकी, त्यात चोवीस तास हा दर्प, म्हणजे जिवाशीच गाठ. पाइनच्या भुशाबद्दल साप पाळणाऱ्यांत दोन तट आहेत, भट्टीत वाळवलेला चालतो म्हणणारे आणि अजिबात नको म्हणणारे. माझ्यातल्या मराठी माणसाने तिसरा तट स्थापन करण्याआधी आम्ही तिथून बाहेर पडलो.

नवा साप घरी आला की पहिले काही आठवडे साधा कागद अंथरावा, म्हणजे त्याची विष्ठा नीट दिसते आणि अंगावर बारीक काळ्या गोचिडांसारखे किडे असतील तर तेही उघडे पडतात, हा सल्ला मात्र मला मनापासून पटला, कारण तो फुकट होता. आईने लोणच्याची बरणी रत्नागिरीच्या वर्तमानपत्राच्या सात थरांत गुंडाळून आणली होती. त्यातले बाहेरचे कोरडे थर मी टाकीत पसरले. आई कळवळली. छापील अक्षराला पाय लावायचा नाही हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेले. मी म्हटले, “आई, त्याला पायच नाहीत.” ती क्षणभर निरुत्तर झाली, आणि तेवढ्यात वासुकीने निधनवार्तांवर जे केले ते पाहून पुन्हा बोलू लागली.

दुसऱ्या दिवशी तिने आपल्या जुन्या लुगड्याची हातभर गोधडी शिवून आणली. टाक्यांत सापाचे दात अडकतात आणि कापडात ओल धरून राहते, हे तिला समजावण्यात एक संपूर्ण रविवार गेला. ती गोधडी आता टाकीच्या मागच्या काचेवर पडद्यासारखी लटकते, आणि सापाला आडोसा आवडत असल्यामुळे तिचा अपमानही झालेला नाही.

शेवटी ॲस्पेन नावाच्या झाडाचा भुसा आणला. याला ना वास, ना रंग, ना रुबाब. पण तीन इंच थर दिला की त्यात सापाने केलेले बोगदे ढासळत नाहीत. नूडल नाक खुपसून आत शिरला आणि काही वेळाने दुसऱ्याच कोपऱ्यात भुशाचा एक कण डोक्यावर घेऊन वर आला. मात्र ओल लागली की या भुशाला बुरशी येते, आणि ओल्या उंदराला तो चिकटून पोटात जातो. म्हणून उंदीर ताटलीत वाढावा लागतो. ती ताटली कोणती, यावरून पत्नीने माझी जी उलटतपासणी घेतली तिचा तपशील इथे देत नाही.

जानेवारीत, कात टाकण्याआधी होतात तसे नूडलचे डोळे दुधाळ निळे झाले; पण हीटरने घरातली हवा इतकी कोरडी केली होती की कात अखंड निघायची ती तुकड्यातुकड्यांनी निघाली. ओलावा ४० ते ६० टक्के हवा, आमच्याकडे २२. उपाय म्हणून नारळाच्या काथ्याच्या भुशाची वीट आणली. बादलीत कोमट पाणी घालताच ती फुगू लागली, फुगतच राहिली आणि बादली सोडून स्नानगृहात आली; पहिल्या पावसातल्या परसासारखा वास सुटला. आई दारात उभी होती. “सोडणं विकत आणलीस?” तिने विचारले. “डॉलर देऊन?” ज्या सोडणांवर आमच्या न्हाणीघरातला बंब तीन पिढ्या तापला, ती समुद्रापलीकडे सापासाठी विकत घेतली जातात, हे तिने त्याच रात्री रत्नागिरीला तीन घरी फोन करून कळवले.

तो काथ्या दह्याच्या रिकाम्या डब्यात भरून, डब्याला भोक पाडून नूडलला ओली गुहा केली. बाकी टाकीत ॲस्पेन तसाच ठेवला. पुढची कात सलग, मोज्यासारखी उलटी निघाली. त्या रात्री मी कौतुकाने विजेरी घेऊन टाकीपुढे बसलो. भुशावर कोणी नव्हते, गुहेतही नव्हते. मग समोरच्या काचेच्या अगदी तळाशी मक्याच्या दाण्यांसारखी काळी-पांढरी चौकडी दिसली. ते त्याचे पोट होते. तीन इंच भुसा वरच्या वर बाजूला सारून, खालच्या गरम पट्टीने ऊब आलेल्या नुसत्या काचेवर तो गुंडाळून झोपला होता.

आई मागून वाकून बघत होती. “जमिनीवरच झोपला ना?” ती म्हणाली. “मोठा झाला हो आता तो.”