एवढंसं कार्ड आणि डोक्याला ताप

हॅकिंटॉशमध्ये (म्हणजे साध्या पीसीवर अ‍ॅपलची मॅकओएस चालवायच्या उद्योगात) बाकी सगळं जमतं, घोडं अडतं ते वायफाय कार्डापाशीच. दर वेळी! मिनी डेस्कटॉपमधलं मूळचं इंटेलचं कार्ड वेगळा ड्रायव्हर घालून चालतं, पण एअरड्रॉपचं (अ‍ॅपलच्या उपकरणांत वायरीविना फायली पाठवायच्या सोयीचं) नाव काढायचं नाही. म्हणून मॅकमधून काढलेलं ब्रॉडकॉमचं कार्ड आणा. त्याच्या पिना वेगळ्या, म्हणून अडॅप्टर. अडॅप्टर लावला की झाकण बसत नाही.

आणि त्या अँटेनाच्या वायरी! टाचणीच्या डोक्याएवढं टोक. हलकं दाबलं की निसटतं, जोर लावला की चेपतं. त्यातही मापं दोन, त्यामुळे जुनी वायर नव्या कार्डावर बसेलच असं नाही. श्वास रोखून अर्धा तास खटपट, मग कुठे ‘टक्’. तेवढ्यात स्क्रू मदरबोर्डाखाली गडप.

वायफाय लागलं तर ब्लूटूथ गायब. ते यूएसबीवरून चालतं, आणि मॅकओएसच्या १५ यूएसबी पोर्टांच्या मर्यादेत त्याला जागा द्यायची राहिलेली असते (आपणच विसरतो, कबूल). हे निस्तरलं, तर २०२३च्या मॅकओएस सोनोमात या ब्रॉडकॉम कार्डांचा सपोर्टच गेला. आता पॅच मारा, अपडेट आलं की परत मारा.

‘केबल लाव ना सरळ’ म्हणणाऱ्यांनी आज माझ्या वाटेला जाऊ नये. स्क्रू अजून सापडलेला नाही.